माळ होईपर्यंतचा कॉम्प्युटर

पिंप्राळ्यात योगेंद्रच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझा नंबर दुसरा होता. पहिला कापडवाले प्रकाशचंद शेठ आणि त्यांची सून चेलना यांचा.

"शेठ, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकू. स्वस्तातली की भारीतली?"

"भारीतलीच टाका, योगेंद्रभाऊ. एकदाच काय तो खर्च."

"चेलना, थांब. भाऊ, कोणती लवकर चालू होते?"

"बिलं करण्यापुरत्या दोन्ही सारख्याच. भारीतली मोठ्या फाइली झपाट्यानं उचलते. पण बटण दाबून तुम्ही गादीवर टेका, की कॉम्प्युटर सुरू शे!"

"मग माझी माळ कधी व्हायची?"

"कसली माळ, शेठ?"

"नवकार मंत्राच्या जपाची. आता बटण दाबलं की तो चालू होईपर्यंत अख्खी माळ होते."

"बाबूजी, माळ आधी करा, बटण नंतर दाबा."

"करून पाहिलं. हातात माळ दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, शेठ, आधी बिल करा. आणि कॉम्प्युटर चालू होतोय म्हटलं, की तेच गिऱ्हाईक हात जोडून बसतं."

"मग टाकायचीच नाही का एसएसडी, शेठ?"

"टाका, स्वस्तातली टाका. फक्त भाऊ, चालू होताना ते गोल गोल फिरतं ना, त्याचा एक फोटो स्क्रीनवर लावून द्या."

"फोटोतलं फिरणार नाही, शेठ."

"मग तर फारच छान. गिऱ्हाइकाला वाटेल अडकलंय. दोन माळा होतील."