म्हादेवाचा थांबा

...तर गाडी थांबली नाय यात माजी काय चूक? मी बोंबलत व्हतो ना! पण आयकतंय कोण? तुमाला सांगतो, पनवेलवरनं नेरे गावाला जाणाऱ्या मोटारीला पयलं कसं, हात दावला का थांबली, कोंबड्या घेऊन चढा, आपल्या बांधाला उतरा, वाटंत डायवरला इडी वडायला द्या. मंग मालकानं कायदा काढला. गाडी थांब्यालाच थांबंल, नि उतरणाऱ्यानं गाडीतल्या पाटीवरचं थांब्याचं नाव बोलायचं. नवा कंडक्टर काशिराम, घाटावरचा, त्याचा एकच जप, "नाव सांगा, मंग गाडी थांबंल."

आता आमचा थांबा म्हादेवाचं देऊळ. नि माज्या दादाचं नाव? म्हादेव! भामावयनी नवऱ्याचं नाव कशी घेईल? घेतलं का नवऱ्याचं आयुष्य घटतं, शेंबड्या पोराला पण ठावं.

त्या दिशी पोटुशी वयनीला घेऊन पनवेलच्या डाक्टरणीकडून येत व्हतो. ती बोलली, अजून वेळ हाय. कसला वेळ... अर्ध्या वाटंत वयनीनं माजा हात असा आवळला का नखं रुतली. कळा सुरू! सुईण घराशी, नि पुढं नुसता डोंगर. मी वरडलो, म्हादेवाचं देऊळ!

"तू गप," काशिराम बोलला. "काल थांबवलीस, उतरलं कोण? शेळी."

झाली व्हती तशी गंमत... पण शेळी काय रोज उतरते?

"बाई, तुमी बोला. नाव सांगा, मंग गाडी थांबंल."

वयनी पदर तोंडात कोंबून, लाजंनं कळ दाबून बोलली, शंकराचं देऊळ. हा पाटी बघतो, शंकर न्हाई हितं. ती बोलते, जटंत गंगा, गळ्यात नाग. हा बोलतो, गारुडीवाडा? त्यो बी न्हाई. हासू नका, तिचे व्हट काळे पडलेले! मी कानात बोललो, वयने, घे नाव, दादा नाय मरत.

"नि मेला तर?"

मंग मी पण बोललो, नको घेऊ. दादा तो माजा...

देऊळ आलं. देऊळ मागं पडलं. नि तवा कळ आली, "म्हादेवा रं!" अशी किंकाळी का डायवरनं कुणाला न इचारता बिरेक दाबला.

झोळीत घालून घरी नेली. पोरगी झाली, दोगी बऱ्या. दादा पण जिता हाय, पण नुसता शिंकला तरी वयनी नवस बोलते.

मालकाला सगळं कळलं. बोलला, बाया नाव घेत नाय तर थांब्याचंच नाव बदला. बाजूच्या विहिरीचं दिलं. बळीरामाची विहीर.

आता बळीराम आमचा बापूस. म्हंजे वयनीचा सासरा, नि आईसचा नवरा... तवापासून दोगी गाडीतनं पुढं डोंगराच्या थांब्यापर्यंत जातात नि चालत मागं येतात.