पुढचं दार उघडत न्हाई

न्हाई, न्हाई, पुढच्या दारानं नका येऊ... ढकलू नका, उघडायचं न्हाई ते! मागनं या, गोठ्यातनं. म्हशीला हात लावला की सरकती ती. हां, बसा त्या खोक्यांवर, बसा निवांत. आज माझी हळद, म्हणून तोंड पिवळं हाय, न्हाईतर त्या फरशीनं काळंच केलं व्हतं. आत धाडधाड ऐकू येतंय ना? बाया उखळात हळद कुटत्यात. मुसळ खाली गेलं की माझ्या नव्या फरशीची एक फळी वर येती. दर दणक्याला! आन तो मोबाईलमधला बाबा म्हणतोय, "अगदी नवशिक्यालाही जमतं."

तुमाला सांगतो, मला काय हौस नव्हती. पर आमच्या हिर्डोशीत पोरगी द्यायची म्हणलं की माणसं गाडीतनं उतरायच्या आधी माघारी वळायला बघत्यात. किती आल्या, चहा पिऊन गेल्या. एकीनं इचारलं, रेंज कुठं येते? म्या म्हणलं, वरच्या वळणावर. ती वळणावर गेली ती गेलीच. मग गोरखमामानं भोरातलं स्थळ आणलं, स्नेहल नावाची पोरगी. आन वर मला दम दिला, "सोमनाथ, हे शेवटचं. घरातला कोबा बघून ही बी पळाली तर म्या परत स्थळ आणायचा न्हाई." पाव्हणे रविवारी येणार, गवंडी मिळंना... मग काय, वळणावर जाऊन मोबाईलात एक व्हिडिओ उतरवून घेतला. त्यात एक माणूस, पांढरीशुभ्र पँट, काम करतोय आन पँटीला डाग न्हाई! म्हणतोय, लॅमिनेटच्या फळ्या आणा, दिसायला लाकडासारख्या, सिमेंट नको, गवंडी नको, एकात एक खटकन बसवायच्या, अगदी नवशिक्यालाही जमतं.

जमतंय की. पर त्याच्या घरात धोंडाबाई न्हाई ना! धोंडाबाई म्हंजी माझी आई. आमच्या खोलीच्या मदोमद उखळ हाय, जमिनीत गाडलेलं. म्या म्हणलं, आये, हे झाकतो, वरनं फळ्या टाकतो. ती उखळापाशी फतकल मारून बसली. "झाक. आन मग तुझी हळद कुठं कुटू? मोबाईलवर?" आता बघा, हळद कुटायला लगीन ठरायला पायजे, लगीन ठरायला फरशी पायजे, आन फरशीच्या मधी उखळ. करायचं काय माणसानं? ठेवलं उखळ. भवतीनं फळ्या कापायचं ठरलं. म्या आईचं ताट पालथं घालून गोल आखला, पर उखळ कुठलं गोल, ते बटाट्यासारखं. एकीकडं टेकतंय, दुसरीकडं फट. त्यात आमचा कोबा उखळाकडं उतरता. एक फळी दाबली की पल्याडची उठती, तिला दाबायला जावं तर ही उठती... कंबर गेली, गुडघे गेले, करवतीनं अंगठा कापला. आन तो बाबा तिकडं हसतोय, अगदी नवशिक्यालाही जमतं.

तरी रविवारी सकाळी शेवटची फळी दाराला भिडवली. कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून पुढचं दार लावूनच काम केलं, सामान सगळं गोठ्यातनं घेतलं. चकाचक दिसत व्हतं हो, खोटं न्हाई सांगत. तेवढ्यात पाव्हणे आले. म्या कडी काढली, दार ओढलं... आन दार फळीला अडलं. आमचं दार आत उघडतंय, आन फरशी बोटभर वर आलेली. हे ध्यानातच न्हाई आलं! आतनं म्या ओढतोय, भाईरनं मामा ढकलतोय, आन पोरीचा बाप रखमाजी म्हणतोय, बोलावत्यात बी आन दार बी धरून ठेवत्यात, ही काय रीत? म्हणलं, गेलं हे बी स्थळ.

आईनं मागनं जाऊन समद्यांना गोठ्यातनं आणलं, तुमी आलात तसंच. स्नेहलच्या साडीच्या काठाला शेण. म्या अंगठ्याला चिंधी बांधून मान खाली घालून उभा. तिनं एक पाय फळीवर ठेवला, पल्याडची उठली. दुसरा ठेवला, अल्याडची उठली. मग तिची आई चंद्राबाई उखळापाशी वाकली, त्या वेड्यावाकड्या कापावरनं हात फिरवला आन इचारलं, हे का ठेवलं? म्या खरं ते सांगितलं, आई न्हाई म्हणली म्हणून. त्या लेकीकडं वळल्या. "आईच्या उखळापायी ज्यानं नवी फरशी अशी फाडली, तो तुझं बी मन राखंल." स्नेहल हसली. त्या डुलत्या फळीवर उभी राहून हसली. मला तवा रडूच आलं हो, सरळ सांगतो.

तर लगीन ठरलं. पर दार? खालनं घासायचं तर काढायला पायजे, काढायचं तर उघडायला पायजे, उघडायचं तर फळ्या उचकटायला पायजेत, आन फळ्या उचकटल्या की पयल्यापासनं... नको रे बाबा! मग उद्या नवरी घरात घ्यायची कुठनं? काल वळणावर जाऊन तिला फोन केला, सांगितलं, अजून उघडत न्हाई. ती म्हणली, "ऱ्हाऊ द्या. गोठ्यातनं येते मी, माप तिथल्याच उंबऱ्यावर ठेवा. पण शपथ घ्या, दुसऱ्या खोलीला हात लावायचा नाही." घेतली शपथ. काय करता!

तवा तुमी फक्त एक करा... उद्या ती घरात येईस्तवर त्या खोक्यांवरनं उठू नका. त्यात दुसऱ्या खोलीच्या फळ्या हायत, म्या कवाच आणून ठेवलेल्या.