सिंधुताईंनी काट्याला बोलतं केलं

(कुम्हारीत हायवेला लागून असलेल्या धरमकाट्याची, म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्याची, खोली. शनिवारची दुपार. काट्यावर एक भरलेला ट्रक चढून बसला आहे आणि त्याच्या मागे बारा उभे आहेत. कमलेश इथला मॅनेजर. सिंधुताई त्याची आई, वय सहासष्ट. बळीराम काट्यावरच्या ट्रकचा ड्रायव्हर.)

कमलेश : आई, तू गाडीतच बस म्हटलं ना मी. कावून उतरली? इथं पयलेच माझ्या डोक्याले ताप आहे.

सिंधुताई : बसून बसून पाय आखडले माझे. अन् हे सारे हॉर्न वाजवून राहिले. झालं काय?

कमलेश : कंप्युटर गेला. अकरा वाजतापासून बंद. मेकॅनिक रायपूरवरून निघतो निघतो म्हणते, अजून निघालाच नाही. तुले दुर्गवरून माझ्या घरी नेऊन राहिलो होतो, तं रस्त्यातच फोन आला.

सिंधुताई : पण काट्याच्या डब्ब्यावर तं लाल आकडे दिसून राहिले. अठ्ठावीस हजार चारशे साठ.

कमलेश : दिसून काय फायदा? कारखान्याच्या गेटवर वजनाची कंप्युटरवर छापलेली पर्ची लागते. हातानं लिवलेली त्यायनं बंद केली. कोनीबी उठते अन् मनाचा आकडा लिवते म्हणून.

बळीराम : अन् गेट चार वाजता बंद होते, मावशी! उद्या इतवार. म्हणजे दोन रात्री इथंच. देवरीवरून आलो मी, घरी पोरीचा साखरपुडा आहे उद्या. कमलेशभाऊ, काही करा ना!

कमलेश : काय करू, बळीराम? काटा उचलून गेटवर नेऊ का?

सिंधुताई : कमलेश, डिक्कीतली माझी निळी बॅग आण.

कमलेश : औषध घ्यायचं आहे का?

सिंधुताई : औषध नाही. माझा डबा आहे त्यात. लिनक्सचा.

कमलेश : आई, अब ये मत शुरू कर. काय ठरलं होतं आपलं? आजपासून तू माझ्या घरी राहाचं अन् तो डबा अलमारीत. तुझ्या सुनेनं, सुनितानं, खोली बी झाडून ठेवली. दूध जळून घरभर धूर झाला, शेजारच्या खुशबूनं मले फोन केला, तवा समजलं. तू तिथंच बसून होती! दहा फुटांवर!

सिंधुताई : हाव, जळलं. माझी चूक. हजारदा म्हटली चूक. पण त्या दिवशी पयल्यांदा तो डबा माझ्या हातानं सुरू झाला होता रे! तीन दिवस त्याच्या मेमरी कार्डात लिनक्स भरून राहिली होती मी, दोनदा फसलं. अन् तिसऱ्यांदा एकदम काळा पडदा, अन् कोपऱ्यात ती पांढरी चौकट लुकलुक, लुकलुक. मले वाटलं ड्यूटीवर आली मी परत. दूध काय, घर जळलं असतं तरी समजलं नसतं!

कमलेश : तेच तं म्हणून राहिलो मी! तेच!

बळीराम : भाऊ, मावशी काही तरी करतो म्हणते तं आणा ना बॅग. असेही उभेच आहो आपण.

कमलेश : ...आणतो.

सिंधुताई : बळीरामभाऊ, तुमचं भलं होवो. पोरगी काय करते तुमची?

बळीराम : नर्स आहे, गोंदियाले. हा काय कंप्युटर आहे, मावशी? चष्म्याच्या डबीएवढा तं आहे.

सिंधुताई : हाच! हे पाहा, हरभऱ्याएवढी बटनं. दोन्ही अंगठ्यांनी टाईप करा लागते. पयल्या दिवशी अंगठे सुजले माझे, आता धावतात. याच्या पोटात पुरा कंप्युटर आहे, कोनाची भीक नाही मागत. नेट नको, माऊस नको, काही नको. कमलेश, मेलेल्या कंप्युटरच्या मागं नऊ पिनांची वायर आहे पाह्य. काट्यापासून येते ते.

कमलेश : आहे. पण छेडू नको. सेठ मले कच्चा खाईन.

सिंधुताई : कंप्युटर मेला तिचा. वायर काय बिघडवणार? काढ. अन् माझ्या बॅगीतून ती करडी वायर दे, एक तोंड मोठं, एक लहान. हां. लाव दोन्ही.

कमलेश : ही वायर तुझ्याजवळ कुठून आली?

सिंधुताई : तूच म्हटलं ना सारं सामान भर म्हणून. सारं भरलं. हं... आला! अरे, आला आला! पाह्य!

कमलेश : काय आला? हे तं फुल्या अन् प्रश्नचिन्हं आहेत नुसती.

सिंधुताई : म्हणजे जिवंत आहे तो! बोलून राहिला! आपण चुकीच्या वेगानं ऐकून राहिलो, बस. तो हळू बोलते, आपण घाई करतो. थांब, चोवीसशे लावते. नाही. बाराशे? नाही रे बापा... अठ्ठेचाळीसशे... आकडे! कमलेश, आकडे!

बळीराम : दाखवा, दाखवा! शून्य सहा चार आठ दोन... सहा टन? मावशी, माझी गाडी रिकामी बी नऊच्या वर जाते. आता तं लोखंडी सळाख भरली आहे!

कमलेश : झालं. मले माहीत होतं. आई, सोड आता. मी मेकॅनिकले परत फोन लावतो.

सिंधुताई : फोन ठेव. एक मिनिट. एकच मिनिट दे मले.

कमलेश : सकाळपासून मिनिट मिनिटच चाललं आहे!

सिंधुताई : लाल आकडे वाच मले. मोठ्यानं.

कमलेश : दोन, आठ, चार, सहा, शून्य.

सिंधुताई : अन् माझ्या इथं शून्य, सहा, चार, आठ, दोन. उलटा! उलटा बोलते हा नालायक! शेपटीकडून सुरू करते! अरे, आमच्या मिलमधी बी एक काटा असाच होता, तीन नंबरचा. सारी शिफ्ट त्याले शिव्या देत होती अन् मी रोज त्याचे आकडे सरळ करत होती. थांब, उलट्याचं सुलट करायले तीनच अक्षरं लिवा लागते... झालं. वाच.

बळीराम : अठ्ठावीस हजार चारशे साठ! हाव ना! बरोब्बर!

कमलेश : आई... हे असं कसं...

सिंधुताई : नाचू नका आता. पर्ची नाही काढायची अजून. बळीरामभाऊ, गाडी खाली घ्या. मागच्या दोन चढवा. तीन गाड्यांचा आकडा इथं अन् तिथं एक आला, तरच मी छापीन.

कमलेश : अवं, साडेतीन वाजून राहिले! लाल आकडा दिसूनच राहिला आहे, तोच हातानं टाईप कर अन् छाप. कोन पाहते?

सिंधुताई : नाही.

कमलेश : आई, प्लीज.

सिंधुताई : हातानंच आकडा टाकायचा असता तं कागद-पेन काय वाईट होता? काटा जे सांगन तेच कागदावर येईन. माझ्या हातून कधी दुसरं निघालं नाही, आज बी नाही निघणार. चढव गाडी.

बळीराम : चढव रे, सोनू! सरळ घे! ...भाऊ, तुमची मावशी लय कडक आहे.

कमलेश : मावशी तुमची. माझी आई आहे ते.

सिंधुताई : एकतीस हजार वीस. तुझा?

कमलेश : एकतीस हजार वीस.

सिंधुताई : दुसरी चढव.

कमलेश : सव्वीस नऊशे ऐंशी.

सिंधुताई : सव्वीस नऊशे ऐंशी! चला! आता तुझा प्रिंटर. तो तं जिवंत आहे?

कमलेश : आहे. पण त्याले कंप्युटरशिवाय...

सिंधुताई : हा काय मग? भाकरीचा डबा आहे का? पयले बळीरामभाऊच्या गाडीचा नंबर सांग, तारीख, वेळ मी घालते. वजन काट्यानंच घातलं, तिन्ही गाड्यांचं यात जमा आहे. ढकललं... चाल रे राजा, चाल...

बळीराम : निघाली! कर्र कर्र करत निघाली! अरे, छापून राहिला! भाऊ, पाहा, अशीच असते ना पर्ची?

कमलेश : अशीच. रेघ बी तिथंच आहे. आई, ही रेघ...

सिंधुताई : तुझ्या जुन्या पर्च्या टेबलावर पडून होत्या, त्या पाहूनच मांडली. बरी दिसते ना? मले वाटलं एक ओळ खाली जाईन. नाही गेली. पयल्या झटक्यात! कमलेश, पयल्या झटक्यात रे!

बळीराम : मावशी, पाया पडतो. साखरपुड्याचे पेढे आणून देईन, इथंच, काट्यावर.

सिंधुताई : पोरीले माझा आशीर्वाद सांगा. जा, जा, गेट बंद होईन. पुढचा या!

कमलेश : आई, तू लोखंडाच्या प्लांटात टायपिंग करत होती ना?

सिंधुताई : टायपिंग! कोनं सांगितलं तुले?

कमलेश : कोनी नाही. मी शाळेत तसंच लिवत होतो. आईचा धंदा, टायपिस्ट.

सिंधुताई : रेल्वेचे रूळ निघत होते ना आमच्या मिलमधून, त्या लाईनीचे सतरा टर्मिनल, कंप्युटरचे पडदे, माझ्या हाताखाली होते. एक बंद पडला का पुरी लाईन थांबे. इंजिनियर धावत येत, "सिंधुबाई, पाहा ना जरा." बत्तीस वर्षं. पुरुषांच्या शिफ्टमधी एकटी बाई. मंग रिटायर झाली अन् घरी कोनी विचारलं तं काय, चहा झाला का, दूध तापवलं का. कमलेश, हा डबा घेतला तवा मी रडली होती. खुशीनं. सहा वर्षांनी कोनी तरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं.

कमलेश : मी कधी विचारलंच नाही तुले.

सिंधुताई : नाही विचारलं. नंबर सांग गाडीचा.

कमलेश : सीजी शून्य सात... थांब, फोन आला. हॅलो, सुनिता? हो, काट्यावरच आहो. आई बी इथंच आहे. ...नाही, ठीक आहे, एकदम ठीक. चालवून राहिली काटा. हो, आईच. ...नाही, आता आणत नाही मी तिले. ...खोली झाडली तं झाडली, वाया नाही जाणार, आली का राहील चार दिवस. ...नाही, भांडण नाही झालं. तिचं घर दुर्गले आहे, मोहन नगरात, सुनिता. ह्या गाड्या झाल्या का तिले तिथं सोडतो. ...दुधाचं? त्याचं मी पाहतो. शिटी वाजवणारं भांडं आणून देतो तिले. ...हो. ठेवतो. ...काय आई? कावून थांबली?

सिंधुताई : काही नाही. चष्मा पुसू दे जरा, आकडे दिसून नाही राहिले. ...हं. लाव आता पुढची गाडी.