गच्चीला रंग, टक्कल उघडं

माझा जन्म येरवड्यातलाच, आणि जन्मलो तो असा पांढराफटक, भुवयासुद्धा पांढऱ्या, की सुईण आईला म्हणली, बाई, याला रंग द्यायचा राहिला वाटतं. शाळेत फळा दिसायचा न्हाय, म्हणून मास्तर सुटले आणि मीबी सुटलो. उन्हात डोळे मिटायचे, मग धंदा कुठला धरला, तर उन्हातला, गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग. काय सांगू तुम्हाला ताई, तीस वर्षं तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांच्या गच्च्या गळू नयेत, तापू नयेत म्हणून पांढरा रंग फासतोय आणि स्वतःचं टक्कल उघडं. एवढी अक्कल.

तर टकलावर खरखरीत चट्टे आले. दिसायचे कमी, हाताला लागायचे जास्त. मला वाटलं रंग वाळलाय. आता गच्चीवर खरखर लागली की आपण पॉलिश पेपर मारतो, तसा टकलाला मारला. खरं सांगतो. आठ दिवसांनी परत तिथंच, परत मारला. तिसऱ्यांदा रक्त आलं तवा बायकोनं, मंदानं बघितलं. म्हणली, अहो, डोकं हाय ते, कठडा न्हाय. धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या. बोट फिरवून म्हणल्या, काका, तुमच्या कातडीत रंगच न्हाय, हे वर्षानुवर्षांच्या उन्हानं झालंय, कॅन्सर वाटत न्हाय, पण असंच सोडलं तर एखाद्या चट्ट्याचा होतो. रक्त आलेल्या जागचा तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट येईपर्यंत घरात गप्प, मंदा म्हणली, तुमची बडबड परवडली.

रिपोर्टात कॅन्सर न्हाय निघाला. जाड चट्ट्यांवर बर्फाहून गार फवारा मारला, बाकी टकलाला मलम. लाल होईल, खपल्या धरतील, घाबरू नका म्हणल्या. मी घाबरलो. डोकं असं सोललं की आठव्या दिवशी मलम बंद केलं आणि घरातबी टोपी घालून बसलो. मंदानं टोपी काढली, बाईंना फोन लावला. त्या म्हणल्या, औषध लागू पडतंय, सांगितलेले दिवस पुरे करा. तरी मी आढेवेढे घ्यायला लागलो, तर मंदा म्हणली, अहो, पोपडे काढल्याबिगर तुम्ही तरी रंग देता का? तीस वर्षं मीच गिऱ्हाइकाला हे सांगतोय. गप मलम लावलं.

आता टक्कल गुळगुळीत. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या, दुपारी गच्चीवर जायचं न्हाय. गच्चीला मी पाच वर्षांची गॅरंटी देतो, बाईंनी टकलाला सहा महिन्यांचीबी दिली न्हाय, नवे चट्टे येऊ शकतात म्हणल्या, दाखवत राहा. येऊ देत. दर रविवारी मंदा माझ्या डोक्यावरनं, कानांवरनं बोट फिरवती, सुपरवायझरसारखी. तुम्हीबी घरच्यांचं डोकं चाचपत जा ताई. तिचं बोट शाबूत राहो, माझ्या डोक्याचं ती बघून घेईल.