नगरचा अनवाणी संघ

सेहेचाळीस साल. नगरात रॉकेलच्या रांगेत पुढचे दोघे फुटबॉलविषयी बोलू लागले, तसे फक्रुद्दीनने कान टवकारले. सहा वर्षांपूर्वी शेटजींच्या पगारी संघाचा कप्तान तोच होता.

"घोडेगावच्या बाजारात उधळलेला बैल धरनारा कारभारी गोलात हुता. त्याच्या हातनं चेंडू सुटंल व्हय?"

"आन् लालमहंमद! अनवाणी पळायचा, पर चेंडू पायाला चिकटल्यागत."

"मग गोऱ्या पलटणीकडनं पाच गोल कसं खाल्लं?"

"बुटांनी घात केला. त्याच दिशी समद्यांना पयल्यांदा बूट घातले. लालमहंमद रडकुंडीला आला. म्हनला, कप्तान, माजे पाय आंधळे झाले."

"मग काढायचे की!"

"कप्तान म्हनला, अनवाणी बगून गोरे हसतील."

"मग न्हाई हसले?"

"लई हसले. शेटजींनी संघच मोडला. लालमहंमद आता टांगा हाकतो."

"कप्तानाला शिव्या घालत आसंल."

"न्हाई. म्हनतो, त्यानं आमची लाज राखाया बगितली."

बोलता बोलता सांगणारा मागे वळला. "तुमी बगितली हुती का वो ती मॅच?"

"न्हाई," फक्रुद्दीन म्हणाला. "मी तवा जामखेडला हुतो."