ओढ्यापल्याडची मोटर

ऐका. आणि आधी ती दाराची कडी लावा कुणीतरी.

आमचे मालक गावाच्या पाण्याची मोटर चालवायचे. विहीर लांब, ओढ्यापल्याड. दिवसा मोटर उन्हावर, सोलरच्या प्लेटांवर. रात्री लाईटवर. मोटर हळू-जोरात फिरवायला एक पेटी होती, ड्राइव्ह म्हणायचे तिला. सांगताना सगळं झकास! पण त्या आठवड्यात आभाळ गच्च. ऊन नाही, रात्री लाईटही नाही. टाकी कोरडी ठणठणीत. बाया माझ्या दारात येऊन भांडायच्या. माझ्याशी! ढग काय मी आणले होते?

तिसऱ्या रात्री लाईट आली. मालक भरल्या ताटावरून उठले. म्हटलं, "अहो, अवस आहे. सकाळी जा." तर खेकसले, "सकाळी लोकांच्या शिव्या तू खाशील?" गेले बॅटरी घेऊन.

बटण दाबलं. मोटर सुरू. पाणी चढलं. माघारी निघाले, ओढ्यात आले, तर मोटर बंद! परत गेले, चालू केली. ओढ्यात आले, परत बंद! असं चार वेळा, पोरींनो. चार वेळा! चपला चिखलात गेल्या, पायाचे तुकडे पडले. "आता फोडतोच ती पेटी," म्हणत पाचव्यांदा विहिरीवर आले.

तोच गावातली लाईट गेली. मिट्ट काळोख. पण बंद पडलेली मोटर? ती आपली घुमतेय! ऊन नाही, लाईट नाही, आणि पेटीवर लाल आकडे पळतायत. मालकांनी मेन बटण पाडलं. तरी चालूच! पाइपातून मात्र थेंब नाही.

तेवढ्यात विहिरीतून बाईचा आवाज. माझा आवाज! "अहो, पाणी इथं अडलंय. वाकून बघा." मी तर घरी, चुलीपाशी! पण माणूस इतका वैतागलेला, की मी विहिरीत कशी, हेसुद्धा सुचलं नाही. कठड्यावर गुडघा टेकला. वाकले.

"आणखी वाका," म्हणाली, आणि नाव घेतलं. त्यांचं नाव! अगं, लग्नातल्या उखाण्यानंतर मी कधी घेतलंय का ते? तिथं ह्यांना भान आलं. मागं उसळले, तर मनगट धरलेलं. गार, ओल्या हातानं. दुसऱ्या हातानं प्लेटांच्या खांबाला मिठी मारली. ती ओढतेय, हे धरून आहेत. रात्रभर! उजाडलं, उन्हाची तिरीप प्लेटांवर पडली, तेव्हा सुटला हात.

घरी आले ते फणफणत्या तापात. मनगटावर पाच काळी बोटं. उठल्यावर रात्रीच्या लाईटची चावी सरपंचांच्या ओसरीवर भिरकावली. "दिवसा पाणी देईन. रात्री गाव मेलं तरी जाणार नाही."

आता तुम्हीही टाकीच्या नावानं बोटं मोडताय. मोडा. पण अंधार पडल्यावर ओढ्याच्या वाटेला पाय टाकायचा नाही. तहान सकाळपर्यंत सोसते, पोरींनो.