छातीवरचा कागद

हॅलो?… हो, उठलेय कधीची. बाबा आत मोजे शोधतायत. बोल, भरलीस बॅग?…

सुती? छे! सुती घामानं भिजतं आणि मग अंगावर गार पडतं. आत पातळ लोकरीचं घाल, वर स्वेटर. कानटोपी, हातमोजे… हो, दोन्ही. ब्रेकवर बोटं आखडतात गं…

अगं ऐक ना, सायकल हळूच चालवायची. बाबांच्या मागे, जरा अंतर ठेवून. जवळ गेलं की चिडतात. 'बाई, माझ्या मागे का लागलात?'…

हो, रोज छापखान्यापर्यंत… बंद पडलाय हे आपल्याला माहीत, त्यांना कोण सांगणार? कुलूप बघतात, 'आज सुट्टी दिसते' म्हणतात आणि मुकाट परत फिरतात… अडवून पाहिलं की! दार बडवत बसले, कामाला उशीर होतोय म्हणून. त्यापेक्षा हे बरं.

जाकीट? वाऱ्याचं?… नको… नको म्हटलं ना, परत कर ते… अगं, मला काय तुला आजारी पाडायचंय?…

बरं, ऐक. परवा माझं जाकीट घरी राहिलं. पुलावर असा वारा, दातांवर दात वाजायला लागले. बाबांनी वळून पाहिलं. थांबले. स्वेटरखालून वर्तमानपत्र काढलं… हो, तेच. शाळेत जाताना आपल्याला घालायचे ना, तसं. घडी नीट केली, माझ्या हातात दिली. म्हणाले, 'ताई, हे छातीशी धरा, वारा लागणार नाही. माझ्या पोरी पण अशाच, ऐकत नाहीत.'

… नाही गं. नाही ओळखलं… मी विचारलं, केवढ्या आहेत पोरी? तर म्हणाले, 'धाकटी यंदाच शाळेत जायला लागली.'

… हॅलो?… आहेस ना?… रडू नकोस. मलाही रडू येतं मग… तुलाही नाही ओळखणार, राणी. मन घट्ट करून ये.

काल मी जाकीट घालून गेले. एकदाही मागे वळले नाहीत… म्हणून सांगतेय. थोडं कुडकुडायचं. मग थांबतात… त्यांना? नाही लागत वारा. आता मी त्यांच्या स्वेटरखाली दोन कागद घालते. एक द्यायला.

थांब, सायकलचं स्टँड वाजलं. निघाले वाटतं… हो, हो, स्वेटरवरच जातेय. ठेवते.